डोंगरातील जमीन आणि लालबागची खोली

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस जावळी, महाबळेश्वर व पाटण या तालुक्यांचा डोंगरी मुलूख आहे. येथे पाऊस उदंड, पण कसण्याजोगी जमीन थोडी. खोऱ्याच्या तळाशी भातखाचरे आणि चढावर नाचणी-वरी, ही येथील पूर्वापार शेती होय. एवढ्यावर कुटुंबाचे वर्ष निभावत नसे. म्हणून घरातील एखादा तरुण मुंबईची वाट धरी आणि लालबाग-परळच्या गिरणीत लागे. पुढे कोयना धरण झाले, शिवसागर जलाशयाने नदीकाठची पुष्कळ खाचरे पोटात घेतली, आणि काठावर राहिलेल्यांच्या हाती मुख्यतः डोंगरउतार उरला. मुंबईवरील भार त्यामुळे अधिकच वाढला.

लालबागमध्ये एकेका गावाची खोली असे. वर्गणी काढून ती चालविली जाई. एका पाळीचे कामगार गिरणीत गेले की दुसऱ्या पाळीचे तेथे अंग टाकीत. जेवण खानावळीत होई, आणि पगारातून उरलेली रक्कम मनिऑर्डरने गावी जाई. त्या पैशांतून शेतसारा भरला गेला, बैल घेतले गेले, पावसाने फुटलेल्या ताली पुन्हा रचल्या गेल्या. शेत गावच्या भावाने व मुंबईकराच्या पत्नीने कसले, पण ते टिकविण्यास लालबागचा घामही कारणी लागला.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि कित्येकांना पुन्हा काम मिळाले नाही. गावी परतलेल्यांपैकी अनेकांनी तेव्हा प्रथमच सात-बाराचा उतारा बारकाईने वाचला.

एकाच्या नावाची नोंद

उदाहरणादाखल तीन भावांचे एक कुटुंब घेऊ. वडील वारल्यावर थोरल्याचे नाव 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागले. मधला शेत कशीत राहिला, धाकटा लालबागेत गेला. थोरला वारला तेव्हा वारस म्हणून केवळ त्याच्याच मुलांची नावे चढली, आणि 'ए. कु. मॅ.' ही अक्षरे मागे पडली. ज्याने नांगर धरला तो आणि ज्याने पैसा धाडला तो, दोघेही कागदावरून नाहीसे झाले. यात नेहमीच कोणाचे कपट असते असे नाही. बहुधा 'आपलीच माणसे आहेत' हा विश्वास आणि आळस यांचाच तो परिणाम असतो.

अधिकार अभिलेखातील नोंद म्हणजे मालकी नव्हे. तथापि उलट सिद्ध होईपर्यंत कायदा ती खरी मानतो. ती चुकीची ठरविण्याचा भार हक्क सांगणाऱ्यावर येतो, आणि जाणती माणसे एकेक करून निघून गेल्यावर तो पेलणे अवघड होते.

शेतीची हानी

ज्याचे नाव नाही त्याला सोसायटीचे पीककर्ज मिळणे कठीण होते. भूसंपादनाचा मोबदला प्रथम नाव असलेल्याकडे जातो. हिस्सा अनिश्चित असला की ताल बांधण्यास अथवा कलमे लावण्यास कोणी पुढे येत नाही. उतारावरील ताल दोन पावसाळे पडून राहिली तर माती ओढ्याला मिळते. ती परत आणता येत नाही. भांडणाचा निकाल लागेपर्यंत भांडण्याजोगी जमीनच उरत नाही.

काय करावे

प्रथम सात-बारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढावेत. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा आता लालबागेत बसूनही मिळतो. 'ए. कु. मॅ.' नोंदीच्या मूळ फेरफारावरून तेव्हाचे हिस्सेदार कोण, याचा माग लागतो.

वारसाहक्काने हक्क प्राप्त झाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावे लागते. फेरफाराची नोटीस आल्यास ती वाचून, हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी.

वंशावळीत मुलींची नावे गाळू नयेत. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. बहिणीस हक्क सोडावयाचा असेल तर ते तिने समजून, स्वेच्छेने व नोंदणीकृत हक्कसोडपत्राने करावे. कोऱ्या कागदावर तिची सही घेणे हा अन्याय आहे.

सर्वांची संमती असल्यास याच अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करता येतो. मात्र १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे भान ठेवावे. हिस्से फार लहान पडत असतील तर एकाने जमीन राखून इतरांस मोबदला द्यावा, हे हितावह.

पिकाची नोंद आता शेतात उभे राहून ई-पीक पाहणीच्या ॲपवर करावयाची असते. म्हणून कसणाऱ्याची वहिवाट मुंबईकराने मान्य करावी, आणि मुंबईकराचा हिस्सा गावकऱ्याने. एकाने दुसऱ्याला पुसून टाकले तर दोघांचेही नुकसान आहे.

गावच्या यात्रेला सारे हिस्सेदार एकत्र येतात. त्याच दिवशी घरातील वृद्ध आजी-आत्यांना मध्ये बसवून वंशावळ लिहून काढावी. कोण कोणाचा, कोण कोठे गेला, कोणती मुलगी कोठे दिली, हे आज त्यांनाच ठाऊक आहे. ती माहिती कागदावर उतरविण्यास आणखी एका यात्रेची वाट पाहू नये.