एकच मैदान, पण प्रत्येकाला दिसतं वेगळं

संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा आणि शेजारच्याला विचारा, "समोर काय दिसतंय?" जुन्या आजोबांना संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आणि आचार्य अत्रे दिसतात. एखाद्या आईला त्या गर्दीतही फक्त मळक्या पांढऱ्या कपड्यांतला आपला मुलगा दिसतो. मी बरीच वर्षं क्रिकेटच्या नेटमध्ये घालवलीत, त्यामुळे मला आधी दिसतं ते गोलंदाजाचं मनगट.

हे मनगटाचं प्रकरण फार भारी आहे! ताशी १३० किमी वेगाचा चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो. म्हणून मुरलेला फलंदाज चेंडू सुटायच्या आधीच गोलंदाजाचा हात वाचायला लागतो. नवख्यासमोरही तोच हात असतो, पण त्यात नेमकं काय बघायचं हे त्याला ठाऊक नसतं. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर याच मैदानात शिष्यांना सामन्यामागून सामने खेळायला लावत. अशी नजर त्यातूनच घडते.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ साली हेच बुद्धिबळात दाखवलं. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद बघून पट्टीचा खेळाडू ती नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडायचा. मोहरे वाटेल तसे ठेवले की हा फरक जवळजवळ संपायचा. म्हणजे ही नुसती स्मरणशक्ती नव्हे, ही ओळख!

बघतात डोळे, पण दाखवतो अनुभव. तुम्हाला पार्कात सगळ्यात आधी काय दिसतं? नक्की सांगा.