घरटं आधी, जोडीदार नंतर

स्कॉटलंडच्या तळ्यांवर मार्चअखेरीसही थंडी रेंगाळत असते. त्याच सुमारास पश्चिम आफ्रिकेतून हजारो किलोमीटर उडून ऑस्प्रे हे मासे खाणारे शिकारी पक्षी परत येऊ लागतात. नर काय, मादी काय, जो आधी पोचेल तो गेल्या वर्षीच्या घरट्यावर ठाण मांडतो आणि काटक्या आणून डागडुजीला लागतो.

मग नराचं नाचकाम सुरू होतं. पंजात मासा धरून तो शेकडो मीटर उंच चढतो, पाय लोंबते ठेवून जागच्या जागी पंख फडफडवतो, झपकन खाली येतो आणि पुन्हा चढतो. या सगळ्यात त्याची शिळेसारखी हाक चालूच असते. प्रेमात पडलेल्याची कसरत म्हणून हे पाहायला छान वाटतं. पण माझ्या मते मादीची नजर माशावर असते. कारण जोडी जमल्यापासून पिल्लं उडेपर्यंत तिचं पोट जवळजवळ सर्वस्वी त्याच्या शिकारीवर अवलंबून असतं. नर पुष्कळदा माशाचं डोकं आधी स्वतः खातो आणि उरलेला घरट्यावर आणतो. ती ओरडून मागते, हिसकावून घेते, शेजारच्या फांदीवर जाऊन खाते. अमेरिकी अभ्यासक ॲलन पूल यांना असं आढळलं, की नर कमी मासे आणत असेल, तर मादी दुसऱ्या नराकडे वळण्याची शक्यता वाढते.

नराचीही एक अडचण आहे. शिकारीला गेला की मादीवर पहारा ठेवता येत नाही. म्हणून अंडी घालण्यापूर्वीच्या आठवड्यांत ही जोडी दिवसातून अनेकदा मीलन करते. त्यातले कितीतरी प्रयत्न नुसते तोल सांभाळण्यात वाया जातात. मादीला नखं लागू नयेत म्हणून नर पंजे मुठीसारखे मिटून घेतो. या धांदलीत मला सगळ्यात हळुवार वाटते ती हीच गोष्ट.

अंडी बहुधा तीन, उबवण साधारण 37 दिवसांची.

ब्रिटनमध्ये शिकारी आणि अंडी गोळा करणारे हौशी यांच्यामुळे 1916 नंतर ऑस्प्रेची वीण संपल्यात जमा होती. 1954 साली स्कॉटलंडमधल्या लॉख गार्टन तळ्याजवळ एक जोडी आपणहून आली. 1959 पासून तिथल्या पक्षी-संरक्षण संस्थेने घरट्यावर पहारा ठेवून लोकांना ते दुरून दाखवायला सुरुवात केली. पुढे ‘जन्मभराची जोडी’ ही कल्पना लोकप्रिय झाली. प्रत्यक्षात जोडीदाराला यायला उशीर झाला, की घरट्यावरचा पक्षी थोडे दिवस थांबतो आणि दुसऱ्याशी संसार थाटतो. मूळ नर परतला तर मारामारी होते, कधी दुसऱ्याची अंडी घरट्याबाहेर ढकलली जातात. लॉख ऑफ द लोज इथली ‘लेडी’ नावाची मादी 71 अंडी आणि 50 उडती पिल्लं देऊन गेली, तीही एकाहून अधिक नरांसोबत. तिचं घरटं मात्र तेच राहिलं.

हंगाम सरत आला की मादी आधी निघून जाते. पिल्लांना शेवटचे मासे नरच देतो. महाराष्ट्रात उजनी-जायकवाडीवर हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे ऑस्प्रेही आपल्याला बहुतेक एकटेच दिसतात. जोडीदार एकत्र प्रवास करत नाहीत, हिवाळाही एकत्र काढत नाहीत. त्यांची भेट होते ती थेट घरट्यावर.