लोहगड शाबूत, मग शेजारचा विसापूर पडका का? वीकेंडला निघण्याआधी हे वाचा

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीच्या शिवाजी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस काय करतो? मोबाईल काढतो आणि ग्रुपवर मेसेज टाकतो, "रविवारी कुठला गड?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. लोहगड. आयटी पार्कपासून जवळ, वर जायला चांगल्या पायऱ्या, खाली कांदाभजी आणि रीलसाठी विंचूकाटा. अजून काय पाहिजे?

पण २०२३ च्या जुलैमधल्या एका रविवारी याच लोहगडावर इतकी गर्दी झाली की दरवाजांच्या वाटेत माणसं तासन् तास अडकून पडली. ना वर जाता येईना, ना खाली. लहान मुलं कडेवर, वरून पाऊस आणि मागून रेटा. सुदैवाने चेंगराचेंगरी झाली नाही. व्हिडिओ मात्र सगळीकडे फिरले आणि लोकांनी "नियोजन शून्य" म्हणून शिव्या घातल्या.

नियोजनाचा भाग आहेच. पण दुसरी गोष्टही आहे. लोहगडाची ती वाट बांधलीच आहे माणसांना कोंडण्यासाठी.

पायथ्याच्या लोहगडवाडीतून चढायला लागलं की एकामागोमाग चार दरवाजे लागतात. गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. यातला हनुमान दरवाजा सगळ्यात जुना, बाकीचे नाना फडणवीसांनी पेशवाईत बांधून घेतले. वरच्या बुरुजावरून खाली बघितलं तर ही वाट नागमोडी दिसते. हे शोभेसाठी केलेलं नाही. वाट वळत राहिली की शत्रूला हत्ती किंवा ओंडका घेऊन दरवाजावर धाव घेता येत नाही, धावायला सरळ जागाच मिळत नाही. शिवाय दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत लपवलेला, म्हणजे समोर येईपर्यंत तो दिसतही नाही. याला गोमुखी बांधणी म्हणतात. एक दरवाजा पडलाच तरी पुढच्या दरवाजापर्यंतच्या अरुंद पट्ट्यात शत्रू अडकणार आणि वरच्या तटावरून त्याच्यावर मारा होणार.

आता शत्रूच्या जागी पावसाळ्यातल्या रविवारची काही हजार माणसं ठेवा. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वाटेवर. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या बांधकामाने आपलं काम चोख केलं, एवढंच.

बरं, मग शेजारच्या विसापूरचं काय?

मळवली स्टेशनला उतरून भाजे गावातून चढत गेलं की गायमुख खिंड लागते. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. विसापूर लोहगडापेक्षा उंच आणि पसरलेला, पठार मोठं, तटबंदी लांबलचक. पण लोहगडासारखा एकही धड दरवाजा तिथे दिसत नाही. नुसते दगडांचे ढीग, अर्धवट भिंती, पाण्याची टाकी, एक भलंमोठं जातं आणि गवत. बरेच लोक "वर काहीच नाही" म्हणत परत येतात.

याचं उत्तर १८१८ मध्ये आहे. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात पेशवाई बुडत होती आणि इंग्रज एकेक किल्ला घेत सुटले होते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात कर्नल प्रॉथरची तुकडी या जोडीपाशी आली. तिने आधी विसापूर घेतला आणि तो पडल्यावर लोहगडावरच्या शिबंदीने लढण्यात अर्थ नाही हे ओळखून गड सोडला. कारण साधं होतं. विसापूर उंच आणि मधली खिंड अरुंद. विसापूरवर तोफ चढली की लोहगड तिच्या माऱ्यात येतो, मग लोहगडाचे चार दरवाजे कितीही भक्कम असोत.

हे इंग्रजांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी विसापूरचे दोन्ही दरवाजे आणि बांधकाम पाडलं आणि लोहगड मात्र ठेवला. तिथे पुढे काही वर्षं त्यांची छोटी तुकडीही होती. हाच प्रॉथर पुढे रायगडावर गेला आणि मे महिन्यात तोफांच्या माऱ्याने तिथला वाडा जळाला. रायगडावर आज राजवाड्याची जोती तेवढी का दिसतात, याचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

म्हणजे विसापूरचे ढीग हे "काही नसणं" नाही. या डोंगराची शत्रूला किती धास्ती होती, याचा तो पुरावा आहे. पडलेल्या दरवाजाचे दगड जिथे पडले तिथेच आहेत. ते उचलून एकावर एक रचून फोटो काढणारे आणि त्यावर नावं कोरणारे महाभाग हाच पुरावा मिटवत असतात.

या दोन गडांनाही जुना म्हणावा असा शेजार खाली आहे. भाजे लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत. धावपळीत बहुतेक जण लेण्यांच्या पाटीसमोरून सरळ निघून जातात. खरं तर रविवारच्या गर्दीतही सगळ्यात शांत जागा हीच असते.

आता थोडं लांब जाऊ. कंपनीच्या कामाने युरोपात गेलेले अनेकजण इटलीतल्या गावांचे फोटो टाकतात. टेकडी, टेकडीवर कॅसल, खाली द्राक्षांचे मळे. आणि मग कॉमेंटमध्ये ठरलेलं वाक्य येतं, "बघा त्यांनी कसं जपलंय, नाहीतर आपण." या तुलनेत एक गडबड आहे. तिथले बरेच कॅसल हे सरदारांची घरं होती. लढाईची गरज संपल्यावरही त्यात कुटुंबं राहिली, छपरं शाकारली गेली, पुढे काहींची हॉटेलं झाली. ज्या वास्तूत माणूस राहतो ती टिकते. सह्याद्रीतला गड मात्र मुख्यतः लष्करी ठाणं होता. इथे डोंगराचा कडा हीच भिंत आणि बांधकाम लागेल तेवढंच. शिबंदी उठली की तिथे कोण राहणार?

आपल्या गडांशी तुलना करायचीच तर इटलीच्या अब्रुझ्झो भागातल्या रोक्का कलाशोशी करावी. समुद्रसपाटीपासून साधारण १४६० मीटर उंचीवरचं हे ठाणं सैनिकांसाठीच बांधलेलं. १४६१ च्या भूकंपात ते खिळखिळं झालं आणि शतकानुशतकं तसंच पडून राहिलं. १९८५ चा एक हॉलिवूडपट तिथे चित्रित झाला आणि लोक यायला लागले. २०२२ मध्ये इटलीने तिथल्या छोट्याशा गावासाठी दोन कोटी युरो मंजूर केले. शे-सव्वाशे वस्तीचं गाव आणि एवढा पैसा, यावरून तिथेही वाद झालेच.

रिकाम्या वास्तू खासगी लोकांना वापरायला द्याव्यात ही कल्पनाही तिथलीच. २०१७ मध्ये इटलीच्या सरकारने शंभरावर पडीक इमारती अशा पद्धतीने द्यायला काढल्या होत्या. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये काही किल्ले हॉटेल आणि लग्नसमारंभांसाठी भाड्याने देण्याची बातमी आली तेव्हा काय झालं, ते आठवत असेल. राज्यभर संताप उसळला आणि शिवकालाशी जोडलेल्या संरक्षित गडांचा यात समावेश नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. इटलीतल्या माणसासाठी कॅसल ही जुनी इमारत आहे. इथल्या माणसासाठी गड हे घरातल्या देव्हाऱ्याइतकं जवळचं काहीतरी आहे. धोरण आखणाऱ्यांनी ते लक्षात घेतलं नव्हतं.

मग ११ जुलै २०२५ आला. पॅरिसमधल्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी. लोहगड यादीत आहे, खिंडीपलीकडचा विसापूर नाही. दोन्ही गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, त्यामुळे कायदा दोन्हीकडे सारखाच लागतो. संरक्षित वास्तूचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण पाटी, पहारेकरी आणि निधी यादीतल्या गडाकडे आधी जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ज्या डोंगरामुळे लोहगडाचं भवितव्य ठरलं तोच बाहेर राहिला. दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय यातला एकही गड कळत नाही.

राहिला प्रश्न कधी जायचं. फोटो पावसाळ्यात छान येतात, गड हिवाळ्यात दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धुकं नसतं, दगड कोरडे असतात, विंचूकाट्यावरून पवना धरण आणि त्याच्या आसपासचे तुंग-तिकोना स्वच्छ दिसतात. नाना फडणवीसांनी बांधलेला सोळा कोनांचा तलाव नीट फिरून बघता येतो. विसापूरला पावसात वर जायची एक वाट चक्क ओढ्यातून आहे. वर ढगफुटीसारखा पाऊस झाला तर खाली उभ्या माणसाला कळायच्या आत पाणी वाढतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली ती अशीच. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मावळातल्या अनेक ठिकाणी बंदी आदेश काढले. म्हणून पावसाळ्यात निघण्याआधी त्या आठवड्याचा आदेश बघून घ्यावा.

पठारावर धुक्यात वाट चुकणं हा विसापूरचा दुसरा धोका. अंधार पडल्यावर शोधायला जावं लागतं ते लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांना, आपली नोकरी-धंदा सांभाळून.

हिंजवडीहून गाडी काढण्यापेक्षा आकुर्डी किंवा देहूरोडहून लोणावळा लोकल पकडलेली बरी. मळवलीला उतरायचं, सकाळी आधी भाजे लेणी, मग खिंडीतून विसापूर आणि दुपारनंतर लोहगड. विसापूरच्या काठावर उभं राहून समोर लोहगडाकडे बघितलं की १८१८ चा तो तोफखाना कुठे असणार होता, हे कोणी सांगावं लागत नाही.