बारा बाइटांचं गुपित

खारीगावातली एक मुलगी डोंबिवलीच्या आत्याशी ब्राउझरमधल्या चॅटवर बोलते आहे, असं समजू. आत्या विचारते, कुठे भेटायचं? मुलगी एकच शब्द टाइप करते: ‘कळवा’. हा शब्द आत्याच्या पडद्यावर उमटेपर्यंत वायफायच्या राउटरमधून, मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून आणि कदाचित परदेशातल्या सर्व्हरमधून जातो. वाटेत कुणालाही तो वाचता येऊ नये, चॅट चालवणाऱ्या कंपनीलासुद्धा, याची सोय काही हजार ओळींची जावास्क्रिप्ट लायब्ररी करू शकते. वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागत नाही, वेबपान उघडलं की पुरे. गणिताने आपल्या रोजच्या हातात दिलेल्या गोष्टींमध्ये इतकी विलक्षण गोष्ट मला दुसरी दिसत नाही.

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, त्याला बाइट कळतात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘कळवा’मध्ये क, ळ, व आणि काना अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट: २२४, १६४, १४९, २२४, १६४, १७९, २२४, १६४, १८१, २२४, १६४, १९०. आज प्रचलित असलेल्या एईएस-जीसीएम पद्धतीने लायब्ररी एका गुप्त किल्लीच्या मदतीने या बाराचे दुसरेच बारा बाइट करते. वाटेत कुणी फेरफार केला तर लगेच कळावा म्हणून १६ बाइटांची मोहोर जोडते आणि प्रत्येक संदेशासाठी नवी अशी १२ बाइटांची संख्या, जिला नॉन्स म्हणतात, ती सोबत पाठवते. एकूण ४० बाइट. सर्व्हरला दिसतात ते एवढेच. २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायला ७८ अंकी संख्या लागते, त्यामुळे एकेक किल्ली लावून पाहणं हा मार्गच उरत नाही.

पण मग आत्याकडे तीच किल्ली पोचली कशी? ती चॅटवरूनच पाठवली, तर वाटेतल्या माणसालाही मिळेल. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली या कोड्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. ब्रिटिश गुप्तचर खात्यातल्या गणितज्ञांना ते थोडं आधीच सुचलं होतं, पण ती गोष्ट १९९७पर्यंत जगाला माहीत नव्हती. छोट्या आकड्यांवर हे उत्तर स्वतः करून पाहता येतं. दोघींनी उघडपणे ५ आणि २३ हे आकडे ठरवले. मुलीने मनात ३ धरला, ५चा तिसरा घात केला, १२५. त्याला २३ने भागून उरलेली बाकी १० तिने पाठवली. आत्याने मनात ७ धरला, ५च्या सातव्या घाताची बाकी १७ पाठवली. आता मुलीने १७चा तिसरा घात करून बाकी काढली, ती १४. आत्याने १०चा सातवा घात करून बाकी काढली, तीही १४! हीच दोघींची किल्ली. ऐकणाऱ्याने ५, २३, १०, १७ हे सगळं ऐकलं, तरी १४ कुणीच उच्चारला नाही. संख्या एवढ्या लहान असतील तर तो शोधून काढेल. प्रत्यक्षात त्या अवाढव्य असतात आणि उलट दिशेने जाण्याचा व्यवहार्य मार्ग आजच्या संगणकांपाशी नाही.

आजच्या अनेक लायब्रऱ्या हेच काम डॅनियल बर्नस्टाइन यांच्या कर्व्ह२५५१९ या वक्रावर करतात. नावातला आकडा २च्या २५५व्या घातातून १९ वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्येचा आहे. जावास्क्रिप्टची साधी संख्या ५३ बिटांपर्यंतच अचूक राहते, मग एवढा राक्षसी आकडा मावायचा कसा? ट्वीटनॅकल या लायब्ररीत तो १६ तुकड्यांत ठेवतात आणि शाळेत शिकवतात तसे हातचे घेत गुणाकार करतात. बाकी काढण्याचं हे गणित आपल्याला परकं नाही. आरएसए या एन्क्रिप्शनच्या दुसऱ्या एका पद्धतीत गुप्त किल्ली काढताना जे समीकरण सोडवावं लागतं, त्या जातीच्या समीकरणांची रीत भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’मध्ये कुट्टक म्हणून दिली आहे. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

ब्राउझरमध्ये हे सगळं करता येईल, यावर सुरुवातीला जाणकारांचाच विश्वास नव्हता. २००९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एमिली स्टार्क, माइक हॅम्बर्ग आणि डॅन बोने यांनी आटोपशीर आणि वेगवान अशी जावास्क्रिप्ट लायब्ररी तयार करून दाखवली. त्यांची मोठी अडचण वेगळीच होती. किल्ली बनवायला कुणालाही ओळखता न येणाऱ्या संख्या लागतात आणि त्या काळच्या ब्राउझरमध्ये त्या मिळवायची भरवशाची सोय नव्हती. ‘मॅथ डॉट रँडम’ हे फंक्शन खेळापुरतं ठीक, गुपितासाठी अजिबात नाही. म्हणून ही लायब्ररी माणसाचा माउस कसा हलतो ते टिपून त्यातून अनिश्चितता गोळा करायची. पुढे ब्राउझरांनी थेट संगणकाच्या प्रणालीकडून अशा संख्या द्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०१७मध्ये वेब क्रिप्टोग्राफी एपीआय हे अधिकृत मानक झालं. आता एन्क्रिप्शनचं मूळ काम ब्राउझर स्वतः करतो, तेही फक्त एचटीटीपीएसच्या पानांवर. किल्ली अशा रीतीने ठेवता येते, की पानावरचा कोड तिचा वापर करू शकतो, पण ती बाहेर काढून घेऊ शकत नाही.

मधल्या काळातली क्रिप्टोकॅटची हकिकत प्रत्येक प्रोग्रामरने वाचावी अशी आहे. नदीम कोबेसी या लेबनीज तरुणाने माँट्रियलमध्ये शिकत असताना २०११ साली ही ब्राउझरमधली चॅट सुरू केली. २०१३मध्ये पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांनी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची गुपितं उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनला हाँगकाँगमध्ये भेटायला गेले असताना ती वापरली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये स्टीव्ह थॉमस यांनी दाखवून दिलं, की तिच्या गटसंभाषणातल्या किल्ल्या फार कच्च्या होत्या. कोडला संख्यांची यादी हवी होती, तिथे दशमान अंकांची अक्षरमाला गेली. मोठ्या पल्ल्यातल्या संख्यांच्या जागी नुसते ० ते ९ अंक पडत राहिले. गणितात चूक नव्हती. बाइटांचा प्रकार चुकला होता आणि महिनोन्‌महिने संदेश बाहेरून अगम्यच दिसत राहिले.

मराठीत चॅट करणाऱ्यांनी इथे जास्तच जागरूक राहायला हवं. देवनागरीच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. म्हणजे आपल्या मजकुराचा मोठा भाग कुणालाही आधीच ठाऊक असतो. एन्क्रिप्शन नीट असेल तर याने काही बिघडत नाही. पण घाईने लिहिलेल्या कोडमध्ये नॉन्स कायमचा एकच ठेवलेला असतो आणि मग दोन संदेशांवर गुप्त बाइटांचा तोच थर चढतो. दोन्ही एकमेकांतून वजा केले की थर निघून जातो आणि मूळ संदेशांमधला फरक उरतो. पहिला संदेश ‘कळवा’, दुसरा ‘हो कळवा’ असं धरा. ‘हो’चे सहा बाइट, मग मोकळ्या जागेचा एक, त्यामुळे पुढची अक्षरं एका घराने सरकतात. नवव्या घरात पहिल्या संदेशाचा ‘व’ येतो आणि त्याच्यासमोर दुसऱ्याचा ठरलेला १६४. फरकावरून ‘व’ लगेच उघडा पडतो. बाराव्या घरात काना तसाच सापडतो आणि दहाव्यात उलट दुसऱ्या संदेशातला ‘क’. मोकळ्या जागा कुठे असतील याचे तर्क संगणक क्षणात लढवतो. इंग्रजी मजकुरात वाचणाऱ्याला शब्दांचे अंदाज बांधावे लागतात; इथे लिपीची रचनाच त्याच्या मदतीला येते.

पासवर्डचाही असाच एक खास मराठी प्रश्न आहे. समजा दोघींनी किल्लीसाठी ‘दुसऱ्या फलाटावर’ हे शब्द ठरवले. त्यातला अर्धा ‘र’ एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त असा उमटतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट मात्र वेगळे, म्हणून किल्लीही वेगळी. दोघी बरोबर टाइप करूनही कुलूप उघडणार नाही. युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरण र आणि नुक्ता यांचा ऱ करून देतं, पण या जोडचिन्हाला हात लावत नाही. ती दुरुस्ती किल्ली बनवण्याआधी कोडमध्ये करावी लागते आणि ती मराठी लिहिणाऱ्या प्रोग्रामरलाच सुचू शकते. आपल्या महाविद्यालयांत एन्क्रिप्शन शिकवताना उदाहरणं रोमन अक्षरांचीच घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिवाय पासवर्डवरून किल्ली करताना तोच हिशेब लाखो वेळा फिरवावा लागतो, म्हणजे अंदाज लावणाऱ्याला प्रत्येक अंदाज महाग पडतो. सध्याची शिफारस, पद्धतीप्रमाणे, काही लाख किंवा त्याहूनही जास्त आवर्तनांची आहे. २०२३मध्ये उघडकीला आलं, की अतिशय लोकप्रिय असलेली क्रिप्टोजेएस ही लायब्ररी, वेगळं सांगितलं नाही तर, एकच आवर्तन करत होती. दुरुस्त आवृत्ती आली आणि लायब्ररीची देखभालही थांबली. नव्या कामासाठी ती घेऊ नये.

हे सगळं साधलं तरी ब्राउझरमधल्या चॅटचा एक मूळचा कच्चा दुवा राहतो. कुलूप लावणारा कोड दर वेळी सर्व्हरकडूनच येतो. त्या सर्व्हरने, किंवा त्यात घुसलेल्याने, एखाद्या दिवशी फक्त एकाच व्यक्तीला बदललेला कोड पाठवला, तर तिला पत्ता लागणार नाही. याच कारणासाठी क्रिप्टोकॅट वेबपान सोडून ब्राउझरच्या एक्स्टेंशनमध्ये गेली होती. सिग्नल या चॅट ॲपने आजवर वेबपानावर चालणारी आवृत्ती दिलेलीच नाही. व्हॉट्सॲप वेबसाठी मार्च २०२२मध्ये कोड व्हेरिफाय नावाचं एक्स्टेंशन आलं. पानावर आलेला कोड इतर सगळ्यांना मिळतो तोच आहे का, हे ते क्लाउडफ्लेअर या दुसऱ्या कंपनीकडे असलेल्या ठशाशी ताडून पाहतं. चॅटच्या कंपनीवर डोळे मिटून विश्वास ठेवण्यापेक्षा हे नक्कीच बरं.

वाटेत कुणी स्वतःच आत्या बनून बसलेलं नाही ना, याची तपासणी मात्र दोघींनाच करावी लागते. व्हॉट्सॲपमध्ये त्यासाठी ६० अंकांचा सुरक्षा क्रमांक असतो. कळवा स्टेशनवर भेट झाली की दोन्ही फोनवरचे आकडे ताडून पाहायचे किंवा कोड स्कॅन करायचा. नाक्यावरच्या फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या संगणकावर चॅट उघडली असेल, तर काम झाल्यावर लॉग आउट करायचं आणि फोनमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून तो संगणक काढून टाकायचा, कारण नुसती खिडकी बंद केल्याने ब्राउझरमध्ये ठेवलेली किल्ली पुसली जात नाही.