चेरीच्या निद्रेचा जमाखर्च

पानगळीनंतर चेरीचा वृक्ष जी निद्रा घेतो, ती पुरी झाल्याखेरीज वसंतात कितीही ऊब लाभली तरी त्याच्या कळ्या एकजात उमलत नाहीत. आणि तिचा हिशेब ठेवण्याची जुनी वहिवाट अशी की, शून्य ते ७.२ अंश सेल्सिअसमधला प्रत्येक तास जमेस धरावयाचा. ‘बिंग’ या नामांकित वाणास असे सुमारे ८०० तास, क्वचित अधिकही, लागतात. ही वहिवाट सोयीची, पण भाबडी. दुपारच्या उन्हाने, पक्की न झालेली शीतलता खर्ची पडते, ही वजावट १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यत्वे इस्रायलमध्ये सिद्ध झालेल्या गणिताने प्रथम नीट मांडली. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकिन खोऱ्यात हिवाळी ‘टूली’ धुके कळ्यांवर छत्र धरी. ते विरळ होत गेले, आणि उबदार हिवाळ्यापाठोपाठ २०१४ साली त्या राज्यातील चेरीचे पीक निम्म्याहूनही खाली आले. काही बागाईतदार आता कळ्यांवर पांढऱ्या खनिज भुकटीचा फवारा मारून कृत्रिम सावली धरतात. ‘रॉयल ली’ आणि ‘मिनी रॉयल’ हे वाण ‘बिंग’च्या निम्म्याहून कमी थंडीत भागवतात खरे, परंतु एकाला दुसऱ्याचे पराग लागत असल्याने बागेत दोन्ही लावणे भाग पडते.