कार्ड घ्यायचे, पण कोणते?

घरातला मुलगा 'ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय' म्हणाला की आईवडिलांना आधी गेम आठवतात. गेम असतातच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण इमारतींची, दागिन्यांची, यंत्राच्या सुट्या भागांची त्रिमिती मॉडेल्स करून पोट भरणारी मुलेही त्याच कार्डासाठी पैसे साठवत असतात. माझा भाचा त्यांतलाच. सोलापुरात बसून तो बिल्डरांना अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रे करून देतो आणि काम संपले की गेम खेळतो. त्याच्यासाठी कार्ड शोधताना जे समजले ते सांगतो. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला कळले म्हणजे कोणालाही कळेल.

कॉम्प्युटरचा प्रोसेसर हा जाणता कारागीर. कोणतेही अवघड काम द्या, एकेक करून निपटतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे आमच्याकडची यंत्रमागाची शेड. एकेक माग साधाच, पण सगळे एकाच वेळी खडखडतात आणि संध्याकाळी चादरींची थप्पी लागते. नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. गेममध्ये ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे. बारा कोटींच्या वर गेला हिशेब! एकट्या कारागिराचे हे काम नव्हे.

आता शेडमध्ये सूत ठेवायला जागा लागते. ती जागा म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. गेमला ती अपुरी पडली तर सेटिंग एक पायरी खाली आणता येते. भिंतीवरची वीट जरा पुसट दिसते, खेळणाऱ्याचे तिकडे लक्षही नसते. मॉडेलचे तसे नाही. इमारत, झाडे, गाड्या, काचेतली प्रतिबिंबे असे सगळे कार्डात मावले, तरच शेवटचे चित्र झपाट्याने तयार होते. या मुलांच्या भाषेत त्याला रेंडर म्हणतात. मावले नाही तर काम मध्येच थांबते किंवा गोगलगायीच्या चालीने सरकते. भाच्याकडे चार जीबीचे जीटीएक्स १६५० होते. आवारात झाडे लावली की मेमरी संपल्याची सूचना यायची. मग प्रोसेसरवर रात्रभर चित्र उमटत बसायचे आणि सकाळी बिल्डर म्हणायचा, "बाल्कनीचा रंग बदला." म्हणजे आणखी एक रात्र. असे दोनदा झाले की तिसरे काम दुसऱ्याकडे जाते.

आपाचा भिशीचा नंबर लागला, त्या पैशांतून कार्ड घ्यायचे ठरले. दुकानदाराने आरटीएक्स ४०६० पुढे केले. २०२३ चे कार्ड, वीज ११५ वॉट, खेळायला चांगलेच वेगवान. पण मेमरी आठ जीबी. त्याआधीचे २०२१ चे ३०६० वीज जास्त खाते, १७० वॉट, आणि गेममध्ये मागे पडते. पण त्यात बारा जीबी आहेत. नुसते खेळायचे असते तर मीही ४०६० च म्हटले असते. भाचा म्हणाला, "मामू, गेम थोडा हळू चालला तरी चालेल, झाडं मावली पाहिजेत."

नावावर मात्र जाऊ नका. ३०६० याच नावाने २०२२ मध्ये आठ जीबीचेही कार्ड आले. त्यात जागा तर कमी आहेच, पण सुताची ने-आण करणारी वाटही १९२ बिटांवरून १२८ वर, म्हणजे अरुंद झाली. जीटी १०३० चेही तेच, एका नावाखाली वेगवान मेमरीचे एक आणि मंद मेमरीचे एक. आणि नुसते जीबी मोजूनही भागत नाही. २०१४ चे जीटी ७३० चार जीबीतही मिळते. गोदाम मोठे, माग मोजके.

कंपनी कोणती, हे आपल्या सॉफ्टवेअरला विचारावे. भाचा ब्लेंडर वापरतो. ते फुकट आहे, आणि २००२ पासून त्याचा मूळ कोडही सर्वांना खुला आहे. त्यात एनव्हीडियाची कार्डे आधीपासून रुळली आहेत. एएमडीसाठी सध्याची सोय २०२१ च्या ब्लेंडर ३.० पासून आली, इंटेलसाठी त्यानंतर. एएमडीचे आरएक्स ६६०० निव्वळ खेळायला उत्तम. इंटेलचे आर्क बी ५८० डिसेंबर २०२४ मध्ये बारा जीबी घेऊन आले, पण जुन्या कॉम्प्युटरमध्ये ते मरगळते. स्केचअपवाल्यांनी तर आधी प्रोसेसर पाहावा. मॉडेल रचताना बराचसा भार त्याच्यावर असतो.

भाव मी सांगत नाही, हे छापून येईपर्यंत बदलतील. पण पैसे मोजताना एसएमपीएस विसरू नका, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या डब्यावरचा आकडा खरा मानू नये. ३०६० ला काय किंवा ४०६० ला काय, कंपनीच ५५० वॉटचा डबा सुचवते. तेवढी ऐपत नसेल तर सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० आहे. ते ७० वॉटवर चालते, त्याला वेगळी वायर जोडावी लागत नाही. कॅबिनेटमधली जागाही पट्टीने मोजून घ्यावी.

आम्ही शेवटी जुने ३०६० घेतले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवर ते 'खणून' काढण्याचा धंदा बंद पडला. तशी रात्रंदिवस राबलेली कार्डे मग जुन्या बाजारात उतरली. सगळीच खराब असतात असे नाही, पण तपासल्याशिवाय घेऊ नये. विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास गेम चालवून पाहिला, पंख्याचा आवाज ऐकला, बिलावरचा नंबर कार्डावरच्या नंबराशी ताडला, मगच आपाने पैसे काढले. उरलेल्यात नवा एसएमपीएस आला.

चार जीबीचे जुने कार्ड भाच्याने विकले नाही. शेजारच्या मुलीला ब्लेंडर शिकायचे आहे. शिकण्यापुरते ते पुष्कळ आहे.