रांगेतली घरे आणि सामाईक भिंत

गोंदिया, तिरोडा, आमगावच्या जुन्या वस्तीत घराला घर लागून बांधलेले दिसते. दोन घरांत भिंत एकच, तीही सामाईक. आढे रस्त्याला समांतर असले की पावसाचे पाणी पुढे रस्त्यावर आणि मागे परसात उतरते, शेजाऱ्याच्या छपरावर जात नाही.

सर्वांत जुनी घरे मातीची. धानाची तणस घालून तुडवलेल्या चिखलाचे थर चढवायचे, एक वाळला की दुसरा. भिंत पायथ्याशी दीड-दोन फूट जाड, वर निमुळती. छपराला लाकडी मयाली, बांबू आणि त्यावर कुंभाराने घडवलेले अर्धगोल कवेलू. हे कवेलू नुसते रचलेले असतात. वाऱ्याने सरकतात आणि माकडांच्या टोळीने एकदा धिंगाणा घातला की फुटतात. म्हणून मृग लागण्याआधी कवेलू फेरणे आलेच.

पुढच्या पिढीची घरे विटांची, चुन्यात बांधलेली. त्यांच्यावर मंगलोरी कवेलू बसले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात त्यांचा कारखाना काढला आणि पुढे ते देशभर पसरले. खाचेत खाच अडकत असल्याने ते सहसा सरकत नाहीत. मात्र त्यांना सरळ, समान अंतरावरच्या कापीव पट्ट्या लागतात. वाकड्यातिकड्या बांबूवर ते बसत नाहीत. त्यामुळे कवेलू बदलायचे तर खालचे लाकूडही बदलावे लागते, आणि खर्च तिथेच वाढतो.

खरी अडचण रांगेतले एकच घर पाडून स्लॅब टाकला की सुरू होते. दोन्ही घरांच्या मयाली त्याच सामाईक भिंतीत टेकलेल्या असतात. एक बाजू मोकळी झाली की मातीची भिंत पावसात उघडी पडते. नवी भिंत उंच गेली, तर तिच्यावरून ओघळणारे पाणी थेट जुन्या छपराच्या सांध्यात शिरते. तिथे टिनाची पट्टी नव्या भिंतीत खाच पाडून बसवावी लागते. वरून सिमेंट थापून भागत नाही, पहिल्याच उन्हाळ्यात ते तडकते.

माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा तर नकोच. आतली ओल कोंडते आणि पोपडे निघतात. तिथे मातीचा किंवा चुन्याचाच लेप बरा.

शेजारच्या आधाराचा हक्क कायद्यालाही ठाऊक आहे. १८८२ चा सुविधाधिकार कायदा सुरुवातीपासूनच मध्य प्रांतात, म्हणजे या भागातही, लागू होता.